ओली सोंगटी

विमलबाईच्या हातांना रिकामं बसणं जमत नसे. भाकऱ्या थापून झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची ती बोटभर चिमणी करी, तव्याच्या कडेला कडक भाजून काढी आणि स्वतःच खाऊन टाकी. लग्नाला सात वर्षं होत आली होती, आणि चिमणी मागायला घरात कोणी नव्हतं.

घर म्हणजे मंगरूळपीरला सरकारी दवाखान्याच्या मागे असलेल्या चाळीतल्या दोन खोल्या. नवरा इंद्रभान दवाखान्यात शिपाई. तिसरं माणूस म्हणजे सासू, सरजाबाई. विमल शिरपूरची. तिची आई ती रांगत असतानाच गेलेली. बाप उकंडराव गवंड्याच्या हाताखाली जाई, त्याला विटा रचता येत, वेणी घालता येत नसे. नवी नवरी होऊन आली तेव्हा सरजाबाईनं पहिल्याच आठवड्यात तिला पुढ्यात बसवून फणी हातात घेतली.

"केस हायेत का बाभूळबन वं हे?"

"कोनी इंचरलेच नाई, आत्याबाई."

"मंग मी कायले हाव?"

त्या तीन-चार शब्दांवर विमल त्या घरात रुजली. पुढं पाळणा हलेना तेव्हा चाळीत कुजबुज सुरू झाली. सरजाबाईनं दारात उभं राहून, साऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "माह्या सुनेचं मले दुखत नाई, तं तुमच्या पोटात कायले दुखते?" तोंडात दात एक नव्हता, पण शब्द कसा नेमका चावायचा हे म्हातारीला चांगलं ठाऊक होतं.

तिच्या दोन खोडी मात्र विमलला उलगडल्या नव्हत्या. एक म्हणजे ती कधी पाण्यात पाहत नसे. विहिरीवर पोहरा सोडायची, पण तोंड दुसरीकडे करून. हाताला भार लागला की ओढायची. आणि दुसरी, स्वयंपाक आटोपला की चुलीतली राख पुढं ओढून तिच्यात काडीनं रेघोट्या काढत बसायची. एक गोल, त्यात दोन-चार रेघा. मग तळहातानं पुसून उठायची. विमल शेजारीच भांडी घासत असे. म्हातारी माणसं काहीबाही करतात, असं म्हणून तिनं ते रोज पाहिलं आणि रोज सोडून दिलं.

आता खेळाचं सांगायला हवं.

दवाखान्यात पंजाबराव नावाचा कंपाउंडर होता. बायको गावी शेतीवर, हा इथं एकटा. तरुणपणी तो दंडारीत, म्हणजे गावोगावच्या लोकनाट्यात, सोंगं घेई. अंगाची नुसती काडी, पण आवाज असा की औषधाची मात्रा सांगितली तरी रोग्याला धडकी भरावी. दंडारी बंद पडल्या आणि त्या आवाजाला काम उरलं नाही, म्हणून त्यानं एक खेळ काढला. दवाखान्याच्या जुन्या चादरीवर जखमेला लावायच्या जांभळ्या औषधानं घरं आखली, आणि नाव दिलं पाताळपाट. रविवारी उन्हं कलली की त्याच्या ओट्यावर हा पाट पसरायचा. खेळायला इंद्रभान, आणि कारंजा गाडीचा ड्रायव्हर धरमसिंग. कवड्या टाकायच्या, सोंगटी सरकवायची. पण एवढ्यावर भागत नसे. प्रत्येक घरी पंजाबराव काहीतरी समोर उभं करी आणि खेळणाऱ्याला जबाब द्यावा लागे.

"इंद्रभान गा, तू आता चिचेखाली आला. वरून कोनीतरी तुह्या नावानं हाक मारून राह्यलं. आवाज तुह्या बापाचा हाय. ओ देतं का?"

इंद्रभानचा बाप भिवाजी जाऊन पाच वर्षं झाली होती.

"नाई देत."

"हुशार हायेस. चिचेखालच्या हाकेले ओ देल्ली तं मानूस परत येत नाई. टाक कवड्या."

पहिल्या रविवारी इंद्रभान घरी आला तेव्हा सरजाबाईनं एवढंच विचारलं होतं, "चहा देते का तो पाटील मानूस?"

"देते."

"कशात?"

"कपात, माय. तो पेते त्याच कपात."

"मंग जात जाय," म्हातारी म्हणाली.

एकदा विमल नवऱ्याला बोलवायला गेली आणि पाटाकडं पाहून तिला हसू फुटलं. पाटावर औषधाच्या शिश्यांची बुचं उभी होती.

"भाऊजी, ह्याच्यात राजा कोनता?"

"हे ठेंगनं."

"आन राक्षस?"

"टिंक्चरच्या शिशीचं. डाग पडेल हाय ना, तो राक्षस."

"ह्या राक्षसाले तं सर्दी बी होनार नाई," असं म्हणून तिनं ते बूच उचललं आणि पदराला बांधून नेलं.

त्या आठवड्यात विमलच्या हातांना त्यांचं काम सापडलं. जुनी वर्तमानपत्रं भिजवून, कुटून लगदा केला. टोपल्या लिंपायला बाया करतात तसा, मेथी वाटून घातलेला. चिंचोक्याची खळ. रंगाला काजळ, गेरू, हळद, नीळ. कुंचला म्हणजे आगकाडीला बांधलेली स्वतःच्या केसांची बट. टिंक्चरच्या बुचाला गुंजांचे लाल डोळे आले, तांदळाच्या कण्यांचे दात आले, आणि पंजाबरावानं ते हातात घेऊन पुन्हा पुन्हा उजेडात फिरवून पाहिलं.

मग ज्याची त्याची सोंगटी ज्याच्या त्याच्यासारखी झाली. इंद्रभानच्या शिपायाच्या गालावर इंद्रभानचाच तीळ. धरमसिंगची आई नानीबाई तांड्यावरून आपल्या फाटक्या घागऱ्याचे आरसे उसवून पाठवी. ते फोडून विमलनं त्याच्या वीराला अंगरखा केला. हडळ केली तेव्हा तिचे उलटे पाय मसुराच्या डाळीचे. धरमसिंग ती सोंगटी पाहून म्हणाला, "भाभी, ही तर आमच्या डेपोतली बाई हाय! फक्त पाय सरळ करा." आणि सगळेच इतके हसले की दवाखान्यातली नर्स खिडकीतून डोकावली.

विमलची एक रीत होती. लगदा बुचावर चढवला की आधी काही ठरवायचं नाही. अंगठा फिरवत राहायचं, नजर दुसरीकडं ठेवायची, हाताला जे आठवेल ते येऊ द्यायचं. कोणी विचारलं तर ती म्हणे, "मी कुठं करतो? हातच करते."

वैशाखात पंजाबरावानं शेवटची सोंगटी मागितली. पाटाच्या अगदी तळाशी एक मोठं गोल घर होतं, तो डोह.

"त्याच्यात कोन राह्यते, भाऊजी?"

"मले बी मालूम नाई. आमच्या दंडारीत त्याचं सोंग कोनी घेत नव्हतं. नुसता पडदा हालवत. तुह्या हाताले जे सुचन ते कर."

दुपार अशी होती की कावळ्यानंही आवाज करू नये. इंद्रभान कामावर, सरजाबाई रेशनच्या दुकानावर. विमल दाराशी बसून अंगठा फिरवत होती. समोरच्या भिंतीवरच्या उन्हाकडं पाहता पाहता तिला जरा पेंग आली असावी. भानावर आली तेव्हा हातात एक तोंड होतं. चपटं, पत्र्यासारखं. एक डोळा वर, एक खाली. उजवा कान होता, डावा नव्हता. कपाळाच्या मधोमध खोल खळगा, जसा कोणी काही हाणल्यावर पडतो. विमलनं चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद त्यावर चिकटवला, काजळानं डोळे भरले आणि सोंगटी उंबऱ्यावर वाळत ठेवली. आवडली असं म्हणवत नव्हतं. पण मोडायलाही हात होईना.

सरजाबाई अंगणात आली. उंबऱ्याशी थांबली. हातातली रेशनची पिशवी सुटली आणि ज्वारी अंगणभर पसरली.

"हे कोनं काहाडलं पान्यातून?"

"काय, आत्याबाई?"

"हे!" म्हातारीनं बोटही दाखवलं नाही, नुसती हनुवटी पुढं केली. "कोनं काहाडलं?"

"मी केलं. आत्ताच. बुचाचं हाय ते."

सरजाबाई मागं मागं सरत अंगणातल्या कडुलिंबाच्या झाडापर्यंत गेली. त्या दिवसापासून ती घरात आली नाही. लिंबाखाली तीन दगड मांडून तिनं आपली वेगळी चूल केली. उन्हाळ्यात सगळी चाळच अंगणात झोपे, त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. पण घरचं पाणीसुद्धा ती पीत नव्हती. इंद्रभाननं विनवण्या केल्या. शेवटी चिडून सोंगटी फेकायला उचलली, तर म्हातारी ओरडली, "फेकू नोको, जाळू नोको, ठेचू नोको! एकडाव ठेचला त्याले, तं काय झालं ते मी पाह्यलं."

आणि ती सोंगटी वाळेना.

विमलच्या सोंगट्या सकाळी केल्या तर संध्याकाळी नखानं वाजवाव्या इतक्या टणक होत. वैशाखातलं वऱ्हाडचं ऊन. पापड टाकला की बघता बघता त्याची वळकटी व्हावी. ही सोंगटी मात्र केली त्या दिवशी होती तशीच ओली. सकाळी उचलली की खाली पाण्याचा गोल डाग. विमलनं ती शिडी लावून छपरावर ठेवली. दुपारी काढायला गेली तेव्हा कौलाचा चटका बसून बोट भाजलं, पण सोंगटी गार होती. तिला वास येत होता. कागदाचा नाही, मेथीचाही नाही. नदी आटताना काठच्या चिखलाला येतो तसा.

"लगद्यात मीठ पडलं असन," इंद्रभान म्हणाला.

"पडलं असन," विमल म्हणाली. तिनं मिठाचं मडकं त्या दिवशी उघडलंच नव्हतं.

आठवडा असा गेला. शनिवारी सरजाबाईनं विमलला लिंबाखाली बोलावलं आणि दंडातली चांदीची वाकी काढून तिच्या हातात ठेवली.

"सोमवारच्या गाडीनं मी आपल्या गावाले, सावरखेडले जातो, नदीवर. ते मले एका फडक्यात बांधून दे. जिथलं तिथं नेऊन टाकतो."

"मी बी येतो संगं."

"तू नोको."

"मंग वापस कधी येसान?"

विमलनं हातातल्या वाकीकडं पाहिलं. परत येणारं माणूस अंगावरची चांदी काढून देत नाही. ज्या बाईनं आजवर विहिरीत वाकून पाहिलं नाही, ती नदीत एकटी उतरायला निघाली होती, आणि एकदा उतरली की वर येणार नव्हती, हे विमलला स्पष्ट दिसलं. एक आई तिला आठवतही नव्हती. दुसरी ही समोर बसली होती.

"आत्याबाई," ती खाली बसली, "काय हाय ते सांगा. नाई तं मी फडकं बांधत नाई."

सरजाबाईनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. मग ती बोलू लागली. आवाज अगदी साधा होता, भाव सांगावा तसा.

छप्पन साली भिवाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्यावर त्यानं घरातले सगळे देव धोतरात बांधले आणि अडाण नदीच्या डोहावर नेले. इंद्रभान तेव्हा मामाकडं शाळेत होता. संगती सरजाबाई, आणि तिचं बोट धरून पाच-सहा वर्षांची लेक गया. त्या देवांत एक जुना टाक होता. चपटा, चांदीचा, वर देवाचं तोंड ठोकलेला, कोण जाणे किती पिढ्यांचा, एक कान झिजून गेलेला. घरात कोणी त्याचं नाव घेत नसे. नुसतं 'घरचा' म्हणत, आणि भीत. कोणी काढून पुन्हा पुजू नये म्हणून भिवाजीनं त्याला धोंड्यावर ठेवून वर दगड हाणला. कपाळात खळगा पडला. "देव नव्हता तो," भिवाजी म्हणाला, "भेव होतं आपलं. आता कोनापुढं वाकाचं नाई." आणि डोहात भिरकावला. गया टाळ्या पिटून हसली. दुधाचे दात पडलेले, पुढं सगळं रिकामं. ती हसली आणि पाण्यात वाकून पाहू लागली, कुठं गेला म्हणून.

"दुसऱ्या पावसाळ्यात गेली पोट्टी. तापानं."

"त्या साली अर्ध्या गावाले हिवताप होता म्हनत हे."

"होता ना. मले मालूम नाई का? तुह्या सासऱ्याचं मले खरंच वाटे. आजबी वाटते. मी बुद्धापुढं बसतो, तं मले भेव नाई वाटत. पन पान्यापुढं वाटते." ती थांबली. "तो खळगा आमा दोघाइले मालूम. ते गेले. मी कोनाले सांगतलं नाई. तं तुले कसं मालूम झालं वं? तूनं तो कुठं पाह्यला?"

विमलची नजर खाली होती. बोलता बोलता सरजाबाईनं चुलीतली राख पुढं ओढली होती. तिच्या हातातली काडी राखेत चालली होती. एक गोल. एक डोळा वर, एक खाली. उजव्या बाजूला कान, डावीकडं काही नाही. आणि मग काडी मधोमध टेकली, आणि कपाळात रुतून फिरली.

"आत्याबाई. हे काय काहाडून राह्यल्या?"

सरजाबाईनं खाली पाहिलं. काडी जागच्या जागी थांबली.

"मी नाई काहाडलं."

"तुमीच. रोज काहाडता. सात वर्सं झाले, मी भांडे घासतो अन् तुमी हे काहाडता. मंग पुसता."

लिंबाचं एक पिकलं पान राखेवर पडलं. सरजाबाई आपल्या हाताकडं असं पाहत होती, जसं अंधारात कोणी दुसऱ्यानंच तो धरला असावा. एकोणीस वर्षं. दिवसातून दोन वेळा, प्रत्येक चुलीपाशी, ती त्याला वर काढत होती आणि पुन्हा बुडवत होती, आणि तिला खबर नव्हती.

विमल उठली. घरातून ओली सोंगटी घेऊन आली आणि सासूच्या पुढ्यात धरली. म्हातारी अंग चोरून मागं झाली.

"घ्या हातात."

"नाई."

"वाळली नाई हे. समद्या वाळल्या, हेच नाई वाळली. म्हंजे पुरी झाली नाई. माह्या हातानं तुमचंच आठवलं, पन अर्धंच आठवलं. अर्धं तुमच्यापाशी हाय."

"विमल, मले भेव वाटते वं."

"वाटू द्या. मी हाव ना. मी कायले हाव?"

सरजाबाईनं हात पुढं केला. सोंगटी तळहातावर आली तेव्हा एवढ्या उन्हातही ती शहारली. मग अंगठा चंदेरी कागदावर टेकला. कागद सोलून खाली पडला. अंगठा कपाळातल्या खळग्यात गेला, तिथंच राहिला, आणि हळूहळू लगदा भोवतीनं आत ओढू लागला. खळगा भरला. डाव्या बाजूला चिमटीनं कान आला. वरचा डोळा खाली आला, खालचा वर गेला. म्हातारी पाहत नव्हती. डोळे मिटून, ओठ आत ओढून, ती नुसती चाचपत होती, जसं अंधारात निजलेल्या लेकराचं तोंड चाचपावं.

"दाताले काही दे," ती डोळे न उघडता म्हणाली.

विमलनं तांदळाच्या कण्या आणल्या. सरजाबाईनं दोनच घेतल्या, दोन बाजूंना दोन. मधली जागा रिकामी ठेवली.

तिनं डोळे उघडले तेव्हा हातात एक पोरगी हसत होती. मेलेल्या माणसाचं असं हसणं पाहून विमलच्या अंगावर काटा आला. म्हातारीच्या अंगावर नव्हता. तिनं सोंगटी आपणच उन्हात ठेवली आणि शेजारी बसून राहिली. दिवेलागणीला विमलनं नख लावलं. टणक. खाली डाग नव्हता.

"आता हे डोहात ठेवतं का तू? त्या खेळाच्या?"

"जागा तेच हाय, आत्याबाई."

"मंग मी येतो उद्या पाहाले," सरजाबाई म्हणाली. पण सोमवारच्या गाडीचं गाठोडं तिनं बांधलंच, आणि त्या रात्रीही ती लिंबाखालीच निजली.

रविवारी ती पंजाबरावाच्या ओट्यावर आली ती गाठोडं काखेत घेऊनच. पंजाबराव लगबगीनं उठला, बसायला सतरंजी टाकली. "या, मावशी. चहा ठेवू?"

"ठेवजो मंग. आधी खेळा तुमी."

विमलनं सोंगटी डोहात ठेवली. पंजाबरावानं सोंगटीकडं पाहिलं, विमलकडं पाहिलं, आणि कवड्या पुढं केल्या. खेळ सुरू झाला. त्या दिवशी धरमसिंगच्या कवड्या अशा पडत गेल्या की त्याचा आरशांचा वीर कुठं अडकलाच नाही. हडळीच्या शेजारून गेला, राक्षसाच्या पुढून गेला, आणि सावल्या लांबायच्या आत डोहाच्या काठावर येऊन उभा राहिला.

पंजाबरावानं आवाज खाली घेतला. "धरमसिंग, तू डोहावर आला. पानी हालत नाई. पाखरू नाई. खाली कोनीतरी हाय, तुह्याकडं पाहून राह्यलं. इचार त्याले."

धरमसिंगनं घसा खाकरला. "डोहात कोण हाय?"

उत्तर पंजाबरावानं द्यायचं असे. तो द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून सरजाबाई बोलली.

"कोनी नाई. पोट्टी हाय एक. कुठं गेला ते पाहाले वाकली, अन् राह्यली." ती पुढं सरकली. तिची नजर त्या जांभळ्या गोलात होती, पाण्यात पाहावं तशी थेट. "तिले घरी घेऊन जा, बापा. लई दिवस झाले."

इंद्रभाननं हातातल्या कवड्या खाली ठेवल्या. धरमसिंगनं पंजाबरावाकडं पाहिलं. असा नियम खेळात नव्हता. पंजाबरावानं मान हलवली.

धरमसिंगनं आपल्या वीराशेजारी ती सोंगटी घेतली आणि दोन्ही एकत्र मागं चालवू लागला, एकेक घर. आरशांचा उजेड चादरीवर हलत होता. कोणी कवड्या टाकल्या नाहीत. चिंचेच्या घरापाशी पंजाबरावाचा आवाज सवयीनं आला. "वरून कोनीतरी हाक मारून राह्यलं. तिच्याच नावानं."

"गया," सरजाबाई म्हणाली. "गया नाव हाय तिचं. आन आवाज तिच्या बापाचा हाय. देऊ द्या ओ."

"मावशी, चिचेखालच्या हाकेले ओ देत नसते."

"बापच हाय तो. देऊ द्या."

पोरीच्या वतीनं बोलायला कोणी नव्हतं. मग इंद्रभानच, ज्यानं प्रत्येक रविवारी नाही म्हटलं होतं, खाली मान घालून म्हणाला, "ओ, बाबा."

चिंचेवरून काही आलं नाही. पुढचं घर आलं, त्याच्या पुढचं आलं, आणि धरमसिंगनं सोंगटी पाटाच्या पहिल्या घरात नेऊन ठेवली. सरजाबाईनं ती उचलली, ओठांना लावली आणि पदरात घेतली.

तेव्हा विमलला ते दिसलं. डोहापासून पहिल्या घरापर्यंत, सोंगटी जिथून जिथून आली तिथं तिथं, चादर ओली झाली होती. बुचाचं बूड गोल असतं. ह्या खुणा गोल नव्हत्या. लांबट होत्या, जोडी-जोडीनं, डोह सोडून घराकडं तोंड केलेल्या. सरजाबाईची नजर जायच्या आत विमलनं पदर काढून त्या पुसायला घेतल्या. कापडातून गारवा बोटांपर्यंत आला.

धरमसिंगनंही पाहिलं होतं. "चहा सांडला वाटतं, भाभी," तो म्हणाला.

पंजाबरावानं स्टोव्ह अजून पेटवलाच नव्हता.

"चाल वं विमल," सरजाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि काखेतलं गाठोडं सुनेच्या हातात दिलं. "घरी ने हे. मले भाकरी टाकाच्या हायेत."

ती उंबरा ओलांडून आत गेली, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढं सोंगटी ठेवली आणि चूल पेटवली. विमलनं वाकी परत तिच्या दंडात चढवली. भाकऱ्या झाल्या. परातीत पीठ उरलं, त्याची चिमणी झाली. विमलनं ती तव्याच्या कडेला भाजत ठेवली आणि भांडी घ्यायला मोरीकडं वळली.

परत आली तेव्हा सरजाबाई चुलीपाशी बसली होती, दोन्ही हात मांडीवर. राख पुढं ओढलेली, पण साधी, एक रेघ नसलेली. इंद्रभान बाहेर बाज टाकत होता. तव्याच्या कडेला चिमणी नव्हती.

"चिमनी तुमी खाल्ली, आत्याबाई?"

"मले कुठं दात हायेत वं?"

दोघींनी त्या रिकाम्या कडेकडं पाहिलं. मग विमलनं परात पुन्हा पुढं ओढली, डब्यातून चिमूटभर पीठ घेतलं, आणि दुसरी चिमणी करायला बसली. ह्या वेळी जरा मऊ भाजावी, असं तिनं ठरवलं. पुढचे दात नसले की कडक चावत नाही.